‘कोर्ट’ संथ आहे का? मतभेद वाचायला शिकताना



मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीसाठी तयार केलेला सिनॉप्सिस मला वाचायला पाठवला. विषय चांगला, भाषाही नीट. पण साहित्याच्या आढाव्यात एकच वाक्य तीन वेळा आलं होतं: ‘या बाबतीत अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत.’ तिथे पूर्णविराम, आणि लगेच पुढचा मुद्दा. मी त्याला फोन केला आणि विचारलं, ‘अरे, मतभेद नेमका कशावर आहे?’ तो म्हणाला, ‘ताई, काहींना रिझल्ट पॉझिटिव्ह मिळाला, काहींना निगेटिव्ह. मिक्स्ड आहे.’

हसू नका, मीही माझ्या पहिल्या वर्षाच्या रिपोर्टमध्ये हेच लिहिलं होतं. ‘मिक्स्ड’ हा शब्द लिहिला की वाचन झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात वाचन तिथूनच सुरू व्हायला हवं असतं. आज हे एका सिनेमाच्या आधाराने सांगते, कारण मतभेद कसे वाचायचे हे मला एखाद्या पेपरने नाही, या सिनेमाने आणि तो बघून माझ्याशी भांडलेल्या माणसांनी शिकवलं.

सिनेमा आहे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. कमी खर्चात केलेला, बरेचसे कलाकार कॅमेऱ्यासमोर नवखे, दिग्दर्शकाची पहिलीच फीचर फिल्म. २०१४ मध्ये व्हेनिसला ती ओरिझोन्ती विभागात सर्वोत्कृष्ट ठरली, तेव्हा ताम्हाणे सत्तावीस वर्षांचे होते (म्हणजे तुमच्या-माझ्याच वयाचे, पण ते असो). पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १७ एप्रिल २०१५ ला ती आपल्याकडे प्रदर्शित झाली आणि त्याच वर्षी भारतातर्फे ऑस्करला गेली.

गोष्ट थोडक्यात अशी. नारायण कांबळे नावाचा वयस्कर लोकशाहीर मुंबईत शिकवण्या घेतो आणि वस्त्यांमधून कार्यक्रम करतो. एक दिवस त्याला स्टेजवरूनच अटक होते. आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली, म्हणजे शाहिराने आत्महत्येला प्रवृत्त केलं. यानंतर सेशन्स कोर्टात खटला चालतो, निदान चालल्यासारखा दिसतो.

चिठ्ठ्या

आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये आम्ही हा सिनेमा प्रोजेक्टरवर लावला होता. संपल्यावर सवयीप्रमाणे मी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या: दहापैकी गुण द्या आणि एक वाक्य लिहा. चिठ्ठ्या उघडल्या तर एका बाजूला आठ-नऊ, दुसऱ्या बाजूला दोन-तीन. मधे जवळपास कुणीच नाही.

पहिला धडा इथेच घ्या. अशा वेळी सरासरी काढली तर ती येते साधारण साडेपाच-सहा. पण त्या खोलीत ‘साडेपाच-सहा’ मत असलेला माणूसच नव्हता! वितरणाला दोन शिखरं असतील तर सरासरी दोन शिखरांमधल्या दरीत जाऊन पडते. सिनेमाच्या ताऱ्यांचं आणि रेटिंगचं अनेकदा असंच होतं. म्हणून कुठलाही डेटा हाती आला की आधी तो काढून बघा, आकडेमोड नंतर.

पण माझी खरी चूक याच्या पुढची होती. कमी गुणांच्या चिठ्ठ्यांवर ‘संथ’, ‘काहीच होत नाही’, ‘कंटाळा’, ‘पटलं नाही’ अशी वाक्यं होती. मी त्या सगळ्या एका गठ्ठ्यात बांधल्या आणि मनात लेबल लावलं: ‘यांना कळला नाही.’ त्यातली एक चिठ्ठी माझ्या जवळच्या मैत्रिणीची होती. मी तिला तसं बोलूनही दाखवलं. ती त्यानंतर दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, आणि ते योग्यच होतं. ते का, हे पुढे सांगते.

संथ म्हणजे काय?

आधी ‘संथ’ या तक्रारीचा विचार करू, कारण ती खोटी नाही. ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी ठेवलेला असतो, तोही लांब. कोण महत्त्वाचं आहे हे तो जवळ जाऊन दाखवत नाही. कोर्टाच्या खोलीत आपल्या खटल्याआधी भलत्याच खटल्यांची कामं चालतात. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) कायद्याची लांबलचक कलमं एका सुरात वाचत राहते. एका पक्षकार बाईने बिनबाह्यांचा कपडा घातलाय म्हणून न्यायाधीश सदावर्ते तिचं प्रकरण त्या दिवशी घेतच नाहीत. शेवटाकडे उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं, माणसं निघून जातात, दिवे एकेक करून मालवतात आणि कॅमेरा तसाच, तिथेच. आमच्यातला एकजण सिनेमा संपला असं समजून लाइट लावायला उठलासुद्धा होता.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. मी फुलांवर येणारे कीटक मोजते. सड्यावर एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखायचा, ठरलेली वीस मिनिटं त्याच्यासमोर बसायचं आणि कोण आलं, किती वेळा आलं ते लिहायचं. पहिल्या सीझनला मी वही घेऊन गाईडकडे गेले तेव्हा त्यांनी पानं उलटली आणि एवढंच विचारलं, ‘शून्यं कुठे आहेत?’ ज्या वीस मिनिटांत एकही कीटक आला नाही, त्या वेळा मी लिहिल्याच नव्हत्या! मला वाटलं, काही झालंच नाही तर लिहायचं काय? परिणाम असा की माझ्या वहीतल्या सड्यावर कायम गजबज होती. खऱ्या सड्यावर बराच वेळ फक्त वारा असतो.

आपले नेहमीचे कोर्टाचे सिनेमे शून्यं गाळून बनवलेले असतात. ‘दामिनी’त (१९९३) सनी देओल पुढच्या तारखांवर चिडून जे बोलतो ते आजही लोकांना पाठ आहे. पण विचार करा, तिथे त्या तारखा आपल्यापर्यंत एका जोरदार संवादातून येतात. त्या तारखांना लागणारा वेळ आपण खुर्चीत बसून घालवत नाही. ‘कोर्ट’ तो वेळ आपल्याला घालवायला लावतो. खटला पुढे ढकलला जातो, साक्षीदार बरोबर नसतो, कागद आलेला नसतो, आणि दरम्यान एक म्हातारा, आजारी माणूस आत असतो. जामीन मिळून तो बाहेर येतो, तर काही काळाने त्याला आणखी कडक कायद्याखाली, यूएपीएखाली, पुन्हा अटक होते. पुन्हा जामिनाचा अर्ज, तर आता कोर्टाला सुट्टी. वरच्या कोर्टात जा. शून्यं गाळली असती तर यातला अन्याय आपल्याला एखाद्या दुष्ट माणसाचं काम वाटला असता. इथे दुष्ट माणूस सापडत नाही. हीच या सिनेमाची ताकद आहे असं माझं मत आहे, आणि ते अजूनही बदललेलं नाही.

बाबांची तक्रार उलटी होती

हा सिनेमा मी सुट्टीत घरी बाबांनाही दाखवला. बाबा तालुक्याच्या कोर्टात लिपिक होते, आता निवृत्त आहेत. मला खात्री होती, ते झोपणार. ते शेवटपर्यंत जागे राहिले आणि म्हणाले, ‘फार पटापट चालतो गं हा. आमच्याकडे एवढ्या तारखांत समन्ससुद्धा बजावून होत नाही.’

म्हणजे माझ्या मित्रांना जो सिनेमा संथ वाटला, तोच बाबांना घाईचा वाटला! पडद्यावरची मिनिटं तीच, दोन तासांना थोडी कमी. मोजपट्टी वेगळी. मित्र त्याची तुलना इतर सिनेमांशी करत होते आणि बाबा कोर्टाशी. ‘संथ’ हे सिनेमाचं एकट्याचं वर्णन नाही, ते सिनेमा आणि बघणाऱ्याची मोजपट्टी या दोघांमधल्या अंतराचं वर्णन आहे. दोन पेपर एकाच गोष्टीला ‘जास्त’ आणि ‘कमी’ म्हणत असतील तर आधी बघा, त्यांचा कंट्रोल कोणता होता. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

बाबांनी आणखी एक गोष्ट पकडली, जी आमच्या कॉमन रूममध्ये कुणाच्याच लक्षात आली नव्हती. साक्षीदार बोलतो मराठीत किंवा हिंदीत. न्यायाधीश ते ऐकतात आणि टायपिस्टला स्वतःच्या शब्दांत, इंग्रजीत सांगतात. रेकॉर्डवर जातं ते हे दुसरं. बाबा म्हणाले, ‘माणूस बोलतो एक, कागदावर येतं त्याचं वजन वेगळं. पुढे सगळे कागदच वाचतात.’ तुम्ही मुलाखती घेऊन संशोधन करणार असाल तर हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवा. तुमची ट्रान्सक्रिप्ट हीसुद्धा कुणीतरी डिक्टेट केलेलीच असते, आणि डिक्टेट करणारे तुम्ही असता.

मैत्रिणीची चिठ्ठी

आता त्या चिठ्ठीकडे येते. त्यावर तीन गुण होते आणि वाक्य होतं: ‘आमचा माणूस पुन्हा मागच्या बाकावर.’

मी ती चिठ्ठी ‘कंटाळा’ गठ्ठ्यात टाकली होती. तिला कंटाळा आला नव्हता. ती ज्या वस्तीत वाढली तिथे शाहिरांचे जलसे लहानपणापासून ऐकलेले, गटाराच्या कामावर जाणारी माणसं शेजारात. दोन दिवसांनी मी सरळ विचारलं, की तुला नेमकं काय खटकलं, तेव्हा ती म्हणाली, ‘बघ ना. वकिलाच्या घरी आपण जातो. आईबाबांबरोबर त्याचं जेवण बघतो, तो सुपरमार्केटमध्ये काय घेतो तेही बघतो. सरकारी वकील बाईंबरोबर लोकलने घरी जातो, स्वयंपाकघरात शिरतो, नाटकाला बसतो. जजबरोबर तर सहलीला जातो. आणि शाहीर? आधी थोडा शिकवणीत, मग स्टेजवर, मग थेट आरोपीच्या जागी. ज्याच्यावर खटला आहे त्याच्या घरचं ताट काही दिसलं नाही.’

हे ऐकून मी सिनेमा परत लावला. तिचं निरीक्षण बरोबर होतं. कांबळे शिकवताना, गाताना, छापखान्यात दिसतो, पण कोर्ट सुटल्यावर कॅमेरा ज्या सवडीने इतर तिघांच्या मागे जातो, तशी सवड त्याच्या वाट्याला येत नाही. मेलेल्या कामगाराच्या बायकोचं तेच. तिची साक्ष हा माझ्या मते सिनेमाचा सगळ्यात ताकदवान भाग आहे. नवरा आत उतरण्याआधी दारू प्यायचा, कारण वास सहन होत नसे. मॅनहोलमध्ये आधी खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचं. अंगावर सुरक्षेचं काही नाही. आत्महत्येची अख्खी केस या साध्या उत्तरांपुढे पडते. नंतर वकील तिला गाडीतून सोडतो, पैसे देऊ बघतो, ती घेत नाही, काम असेल तर सांगा म्हणते आणि उतरते. कॅमेरा तिच्या घरात जात नाही.

याला एक बचाव आहे आणि तो दुबळा नाही. सिनेमाचं नाव ‘कोर्ट’ आहे, ‘शाहीर’ नाही. यंत्रणा चालवणारी माणसं सुट्टीच्या दिवशी कशी असतात हे दाखवणं हाच त्याचा अभ्यासविषय आहे. नूतन घरी मुलांचं जेवण बघते, नवऱ्याच्या डायबेटिसचा विचार करते, आणि सहकाऱ्यांशी बोलताना म्हणते की तेच चेहरे बघून कंटाळा आला, द्यावीत याला वीस वर्षं आणि मोकळं व्हावं. सदावर्ते सहलीत एका नातेवाइकाला मुलाच्या अडचणीवर अंकशास्त्र आणि अंगठीचा सल्ला देतात. शेवटी बाकावर डुलकी घेत असताना पोरं ओरडून दचकवतात, तर एकाला थप्पड मारून पुन्हा डोळे मिटतात. या माणसांच्या हातात कांबळेचं आयुष्य आहे, हे कळण्यासाठी त्यांच्या घरी जाणं गरजेचंच होतं.

मी हा बचाव तिच्यापुढे मांडला. ती म्हणाली, ‘मान्य. मग हा सिनेमा कोर्टाबद्दल आहे असं म्हणा. आमच्याबद्दल आहे असं म्हणून बक्षिसं देऊ नका.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर तिचा आक्षेप सॅम्पलिंगवर नव्हता, निष्कर्ष किती ताणायचा यावर होता. तुम्ही तीन ठिकाणी सॅम्पल घेतलंत तर त्या तीन ठिकाणांबद्दल बोला. चौथ्या ठिकाणाबद्दल बोलण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. रेफरीने माझ्या पेपरवर हीच कमेंट टाकली असती तर मी निमूट मान्य केली असती. मैत्रिणीने केली तेव्हा मी म्हटलं, ‘तुला शैली कळली नाही.’

बघणारा कोरा नसतो

आणखी एक गोष्ट तिच्यामुळे समजली. कांबळेचं काम करणारे वीरा साथीदार हे खऱ्या आयुष्यात नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते होते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते. एप्रिल २०२१ मध्ये कोविडने ते गेले. सिनेमातली गाणी संभाजी भगत यांची. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझ्यासाठी तो फक्त एक उत्तम निवडलेला चेहरा होता. तिच्यासाठी ते नाव असलेलं, काम असलेलं माणूस होतं. तेव्हा पडद्यावर तो माणूस बाकावर गप्प बसलेला बघताना मला जे ‘संयत’ वाटलं, तेच तिला ‘गप्प बसवलेलं’ वाटलं. आम्ही दोघी एकाच प्रोजेक्टरसमोर, पण आत येताना बरोबर आणलेलं सामान वेगळं.

आणि आमच्या कॉमन रूममध्ये कोण नव्हतं, हेही मोजा. हा सिनेमा ज्या कामगारांबद्दल बोलतो त्यांच्यातलं तिथे कुणी नव्हतं. मल्टिप्लेक्समधल्या मोजक्या शोंमध्ये आणि फेस्टिव्हलमध्ये किती असतील, अंदाज करा. म्हणजे ‘प्रेक्षकांची मतं दुभंगली’ असं आपण म्हणतो तेव्हाही ते आधीच गाळून आलेल्या प्रेक्षकांबद्दल असतं. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये आला, अधिक कडक २०१३ मध्ये आला, मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांची चिठ्ठी कुणाच्याच गठ्ठ्यात नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तर आता ज्युनिअरला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. ‘मतभेद आहेत’ असं लिहायचा मोह झाला की पेन खाली ठेवा आणि विरोधी निष्कर्षांचे दोन पेपर शेजारी शेजारी घ्या. चार रकाने आखा.

१. दोघांनी मोजलंय काय? शब्द एकच असला तरी वस्तू एक आहे का? (आमच्या गठ्ठ्यातलं ‘संथ’ आणि ‘पटलं नाही’ आठवा.)

२. कशाच्या तुलनेत मोजलंय? (बाबा.)

३. कुणावर मोजलंय, आणि सॅम्पलमध्ये कोण येऊच शकलं नाही?

४. निष्कर्ष डेटाच्या किती बाहेर गेलाय? (मैत्रिणीची चिठ्ठी.)

हे चार रकाने भरल्यावरही भांडण शिल्लक राहिलं तर अभिनंदन, तो खरा मतभेद आहे आणि कदाचित तुमचा संशोधन प्रश्नही तिथेच आहे. तो ‘मिक्स्ड’ म्हणून बुजवू नका.

मी ‘कोर्ट’ला त्या रात्री नऊ गुण दिले होते. आजही मी तो कुणालाही बघायला सांगेन. पण मैत्रिणीचे तीन आणि माझे नऊ यांची बेरीज करून दोनने भागायला मी तयार नाही. ते एकाच गोष्टीचे गुण नाहीत. मी शून्यं टिपल्याबद्दल गुण दिले होते, तिने रिकाम्या राहिलेल्या चौकोनाबद्दल कापले होते. ती चिठ्ठी मी गठ्ठ्यातून काढून माझ्या फील्डच्या वहीत ठेवली आहे. या सीझनला सड्यावर जाण्याआधी चौकोन कुठे आखायचे हे ठरवताना ती समोर असेल.

सिनेमा बघा. शक्यतो अशा कुणाबरोबर बघा ज्याचं मत तुमच्यासारखं निघणार नाही याची तुम्हाला खात्री आहे. आणि चिठ्ठ्या वाटल्यात, तर गठ्ठे बांधायच्या आधी एकदा विचारा.

पुढच्या पोस्टमध्ये साहित्य आढाव्याचा तक्ता प्रत्यक्ष भरून दाखवते. तोपर्यंत अभ्यास चालू ठेवा!